पारड्यातलं पान

आगाशे साहेब पडद्याआडून बाहेर आले तेव्हा त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढून उलटी हातात धरली होती आणि ती काठोकाठ भरलेली होती. लांबून मला फक्त हिरवं दिसलं. एरवी शाळा तपासणारा हा माणूस सरकारनं एका दिवसापुरता निवडणुकीच्या कामाला जुंपला होता. उघड्या डोक्यानं चारचौघांत आलेले आगाशे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्यांनी टोपी टेबलावर पालथी केली. तुळशीची पानं पडली, मंजिऱ्या पडल्या, चिमूटचिमूट कुंकू सांडलं, आणि त्यात मिसळलेले रुपयाच्या नोटेएवढे छापील कागद.

"मास्तर," ते मला म्हणाले, "आत तुमच्या तराजूची पेटी आहे की देव्हारा?"

ही गोष्ट बावन्न सालच्या जानेवारीतली. देशातली पहिली निवडणूक. आडगाव कोळपच्या मराठी शाळेत बायकांचं मतदान होतं, आणि वकील वामनराव गुर्जर या अपक्ष उमेदवाराचा माणूस म्हणून मी तिथं बाकावर बसलो होतो. तेव्हा आजच्यासारखं शिक्का मारणं नव्हतं. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी वेगळी, तिच्यावर त्याच्या निशाणीचं चित्र चिकटवलेलं. आपल्याला हवी ती पेटी बघायची, वरच्या फटीतून कागद आत टाकायचा, झालं मत. गुर्जर वकिलांची निशाणी तराजू. समोर जहागीरदार झुंजारे, त्यांचा घोडा. बाकीचे दोघे नुसते हौशी.

"हे सगळे तराजूच्या पेटीवर होते?" मी विचारलं.

"नीट रचून. प्रत्येकावर एक पान. फटीत एकही अडकलेला नाही. ढकलण्याचा प्रयत्नच नाही कुणाचा."

त्यांनी कागद मोजले. एकशे त्रेसष्ट. मी म्हटलं, पेटी आमची, कागद आमच्या पेटीवरचे, द्या मग आत सोडून. आगाश्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली, म्हणजे ते पुन्हा सरकार झाले. "कागदावर कुणाचं नाव नसतं, मास्तर. पेटीत पडलं ते मत. बाहेर राहिलं ते कुणाचंच नाही." आणि त्यांनी एक मोठा लखोटा काढून ते एकशे त्रेसष्ट कागद त्यात भरले, वर लाखेचं सील मारलं. कुंकवाचा एक डाग लखोट्यावरही उमटला.

आता ही तुळस कुठून आली, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

गुर्जर वकील म्हणजे नुसतं सरळ लाकूड. बेचाळीस साली आठ महिने तुरुंगात जाऊन आलेले, पण त्याबद्दल कधी बोलणार नाहीत. जातपात मानीत नव्हते, मुहूर्त मानीत नव्हते, जेवणाआधी चित्राहुती घालीत नव्हते. घरात एक निळी फाईल होती. तिच्यात चोपन्न बायकांच्या जबान्या, नवऱ्यानं टाकलेल्या चोपन्न बायका, आणि सगळ्यांत वर कायद्याचा एक मसुदा: टाकलेल्या बाईला नवऱ्याच्या जमिनीत वाटा मिळावा. निवडून आलो की विधानसभेच्या पहिल्याच अधिवेशनात हा मांडायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी हा माणूस वयाच्या एकावन्नाव्या वर्षी निवडणुकीला उभा राहिला होता. पहिली जबानी आडगावच्या ठकूबाईची. तिचा खटला त्यांनी सहा वर्षं फुकट चालवून तिला नवऱ्याच्या शेताची एक पट्टी कसायला मिळवून दिली होती, तीही तात्पुरती. वरच्या कोर्टात अपील पडलेलंच होतं.

आणि मी? मी मुरलीधर, एकेकाळचा प्राथमिक शिक्षक. शाळेतून मला काढलं ते इतिहास जरा जास्त रंगवून शिकवतो म्हणून. गोष्टी सांगणं हा माझा हातखंडा. एकच वाघ मी तीन गावांत तीन वेगवेगळ्या हत्यारांनी मारलेला आहे आणि तिन्ही गावांनी मला जेवू घातलेलं आहे. वकीलसाहेबांनी मला प्रचारात घेतलं ते सभेला माणसं गोळा करायला. गोष्टी सांगायला नव्हे.

आडगावची त्यांची पहिली सभा मी विसरणार नाही. सव्वा तास राज्यघटनेवर बोलले. ऐकायला अकरा माणसं आणि दोन कुत्री, त्यांतलं एक तेवढं लक्ष देऊन ऐकत होतं. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "अवघड झालं का हो?" मी म्हटलं, छे, लोकांना थोडा वेळ द्यायला हवा. आणि दुसऱ्या दिवशी सायकल मारत एकटाच आडगावला गेलो.

पाणवठ्यावर बायका होत्या, ठकूबाईही होती. मी घागरी भरेपर्यंत एक गोष्ट सांगितली. वकीलसाहेब तुरुंगात असताना त्यांनी एकवीस दिवस उपास केला. एकविसाव्या दिवशी सकाळी बघतात तर कोठडीच्या दगडी भिंतीतून तुळस उगवलेली. माती नाही, पाणी नाही. गोऱ्या जेलरनं ती उपटायचा हुकूम दिला, तर उपटणाऱ्या शिपायाचा हात तीन दिवस वर राहिला तो राहिला. आता बायांनो, त्यांची निशाणी तराजू का, तर रुक्मिणीनं एका पानानं देव तोलला तोच हा तराजू. घोडेवाला जहागीरदार एका पारड्यात सोनं टाकील, मोटारी टाकील. तुम्ही दुसऱ्या पारड्यात तुमचं मत ठेवा, तुळशीच्या पानासारखं. सोनं वर जाईल.

घागरी केव्हाच भरल्या होत्या. कुणी उचलत नव्हतं.

पुढच्या सभेला आडगावात पाचशे बायका आल्या. ताटात निरांजन घेऊन आल्या. वकीलसाहेब संकोचून मागं मागं सरकत होते. त्यांना वाटलं, खेड्यातली रीत असेल. बोलले मात्र नेहमीचंच, वारसा, पोटगी, कलम अमुक. आणि बायका डोळे मिटून हात जोडून ऐकत होत्या. जीपमध्ये बसल्यावर त्यांचा आवाज भरून आला होता. "मुरलीधर, बघितलंत? आपण उगाच म्हणतो खेड्यातल्या लोकांना कायदा कळत नाही. कळतो. सांगणारा पाहिजे."

मी म्हटलं, "तेच तर."

तर असं होतं ते पान. मी म्हटलं होतं पारड्यात ठेवा, आणि पारडं तर पेटीच्या वर चिकटवलेलं, अगदी स्पष्ट काढलेलं. ठेवायची वस्तू कुणी फटीतून ढकलतं का?

आगाशे त्यानंतर प्रत्येक बाईला पडद्यापाशी अडवून सांगू लागले, कागद पेटीच्या आत टाकायचा, आत. कुठल्या पेटीत, हे मात्र ते सांगू शकत नव्हते. बाई मान हलवायची, "टाकते की," म्हणायची आणि आत जायची. बाहेर येताना तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं, की मला कळायचं. साहेब शहरातले, त्यांना पारड्याचं काय ठाऊक, म्हणून तिनं त्यांचं मन मोडलं नव्हतं इतकंच.

मी आगाश्यांची परवानगी काढून बाहेर पडलो.

शाळेपासून शंभर यार्डांवर फक्कीची पांढरी रेघ मारली होती, तिच्या आत प्रचार करायचा नाही असा नियम. गुर्जर वकील रेघेच्या बाहेर एका निंबाखाली घडीच्या खुर्चीवर पुस्तक वाचत बसले होते. उमेदवाराला केंद्रात यायची मुभा होती, पण त्यांचं म्हणणं, उमेदवारानं नुसतं दिसणं हासुद्धा प्रचारच.

मी लखोट्याची हकीगत सांगितली. त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

"पण तुळस कशासाठी?"

तेव्हा सांगावं लागलं. गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळली ती जन्मात एकदाच. शिपायाच्या हाताचं मी गाळायला बघत होतो, पण त्यांनी विचारलं, "आणखी?" म्हणून तेही सांगितलं.

त्यांनी पुस्तकातलं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या कोठडीत ढेकूण होते, मुरलीधर."

मी खाली बघितलं.

"म्हणजे ती आरतीची ताटं," ते म्हणाले आणि थांबले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

निंबाच्या पलीकडं, रेघेबाहेरच, एक मोठी चिंच होती. तिच्याखाली लांबच्या वस्त्यांवरून बैलगाड्यांतून आलेल्या बायका भाकरी खात बसल्या होत्या, दोनशेच्या आसपास. अजून रांगेत लागल्या नव्हत्या. ठकूबाई मघाशीच मत देऊन आली होती आणि त्यांच्यात फिरत होती. वकीलसाहेबांनी तिकडं बोट केलं.

"त्यांना जाऊन सांगा की गोष्ट खोटी आहे."

"साहेब, मग त्या मत देणार नाहीत. गाड्या जुंपून परत जातील."

"जाऊ देत."

"नाहीतर घोड्याला देतील."

"घोड्याला देऊ देत. तुम्ही मला मत द्या म्हणायचं नाही, कागद कुठं टाका हेही सांगायचं नाही. एवढंच सांगायचं, की तुळस नव्हती, ती मी रचली. त्यानंतर त्या जे करतील ते त्यांचं मत." त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, आणि त्यात बघतच म्हणाले, "मी स्वतः गेलो असतो. पण माझ्या तोंडून त्यांना तो विनय वाटेल. तुमचं बोलणं आहे, तुम्हीच परत घ्या."

मी गेलो. अर्ध्या तासानं परत आलो.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"शब्दाला शब्द?"

"हो."

"मग?"

"हसल्या," मी म्हणालो. "म्हणाल्या, साहेब आमची परीक्षा घेतात."

ते चिंचेकडं बघत राहिले. तिथं बायका उठून पदर झटकत होत्या, रांग धरायला निघाल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या मुठीत काहीतरी होतं. "खरं सांगितल्यावरसुद्धा," ते स्वतःशीच म्हणाले. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पाच वाजता आगाशे पुन्हा टोपी काढून पडद्याआड गेले. दुसरा लखोटा एकशे अठ्ठ्याहत्तरांचा झाला.

मोजणी तालुक्याला झाली, आठवड्याभरानं. जहागीरदार झुंजारे एकशे अठरा मतांनी निवडून आले. त्यांच्या माणसांनी खऱ्याखुऱ्या घोड्यावरून मिरवणूक काढली. घोडा गुर्जरांच्या दारासमोर मुद्दाम थांबवून वाजंत्री जोरात वाजवली. वकीलसाहेब ओसरीवर उभे राहून ती संपेपर्यंत बघत होते, कुणाच्या घरचं लग्न असावं तसे.

तालुक्यातले चार वकील त्यांच्याकडं आले. त्यांचं म्हणणं, दोन लखोटे सीलबंद आहेत, तीनशे एकेचाळीस कागद, सगळे तुमच्याच पेटीवर सापडल्याचं खुद्द अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. निवडणूक अर्ज करा, न्यायाधीश ही मतं मानतीलच. गुर्जरांनी ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"मुरलीधर, पुन्हा एकदा विचारतो. त्या बायकांना तुम्ही खरं सांगितलं होतं."

"हो, साहेब."

"तरीही त्यांनी पानच ठेवलं."

"हो."

"मग ही मतं माझी आहेत असं मी कोर्टात कोणत्या तोंडानं सांगू? ती तुळशीला दिलेली आहेत." त्यांनी निळी फाईल कपाटात ठेवली, सगळ्यांत खालच्या खणात, आणि कपाट लावून घेतलं. "थाप मारलीत ती तुम्ही, ते एक झालं. अशी थाप कोणीही मारील, उद्या जहागीरदार मारील. मला भरवसा होता तो एवढाच, की समोर खरं ठेवलं तर माणूस खरं उचलतो. त्या भरवशावर उभा होतो मी. तो खोटा निघाला, ते बरं झालं, लवकर कळलं."

मी तिथंच उभा होतो. त्यांच्यापासून दोन हातांवर.

त्यानंतर ते कधी उभे राहिले नाहीत. सत्तावन्न साली लोक मागं लागले, तर म्हणाले, मला श्रोते नकोत आता. वकिली तर त्याच्या कितीतरी आधीच सोडली होती. वर्तमानपत्र यायचं, घडीही न मोडता रद्दीत जायचं. त्या घरात राज्यघटनेची एक प्रत होती, समासात शाईनं बारीक टिपणं केलेली. तिच्यावर ते दाराशी कुंडी ठेवायचे, ओल लागू नये म्हणून. कुंडीत कोरफड होती.

ठकूबाईचं अपील त्रेपन्न साली लागलं. मसुदा कपाटातच राहिला होता, कायदा कुठला? पट्टी गेली. ती आडगावाहून चालत तालुक्याला आली आणि गुर्जरांच्या ओसरीवर बसली. मी आत जाऊन सांगितलं. ते खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "सांगा, वकील आता काम घेत नाहीत." तिची जबानी लिहून घेताना याच माणसाचे डोळे भरून आले होते, मी शेजारी दौत धरून बसलो होतो.

मी बाहेर येऊन तिला सांगितलं, साहेबांची प्रकृती बरी नाही. ती म्हणाली, असूं द्या, मोठी माणसं, त्यांना किती व्याप. मी तिला एसटीत बसवून दिलं. भावाकडं निघाली होती, भावजयीच्या हाताखाली. गाडी सुटता सुटता तिनं पदराची गाठ सोडून चिंधीत बांधलेल्या मंजिऱ्या माझ्या हातावर ठेवल्या. "साहेबांना द्या. त्यांच्याकडं असंलच म्हणा." मी त्या दिल्या नाहीत. अजून माझ्याकडं आहेत. चुरून नुसती माती झालीय त्यांची.

वकीलसाहेब त्रेसष्ट साली गेले. शेवटच्या आजारात मीच उशाशी असायचो. एकदा दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं, तेव्हा म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी चिंचेखाली खरं बोललात, मुरलीधर, त्याचं मला अप्रूप वाटतं. तुमच्यासारख्याला ते किती जड गेलं असेल." आणि माझ्या हातावर हात ठेवून झोपले.

आता मी ऐंशीच्या पलीकडं आहे. त्या एका वाघाची गोष्ट सांगायलाही दम पुरत नाही. तेव्हा त्या अर्ध्या तासाचं तेवढं सांगून टाकतो.

निंबापासून चिंचेपर्यंत दीडशे पावलं असतील. तेवढ्यात मी वाक्य जुळवलं होतं. बायांनो, तुळशीची गोष्ट खोटी आहे, मीच रचली. एवढंच. घोकत घोकत गेलो, पोरं पाढे घोकतात तसं. ठकूबाई मधोमध उभी होती. डाव्या तळहातावर कागदाचा कपटा, त्यावर पान, आणि ती दाखवत होती, "असं. अलगद. ढकलायचं न्हाई, आत अंधार असतुया." वस्तीवरच्या बायका माना वर करून बघत होत्या. कुणी भाकरीचा घास तसाच हातात धरलेला. मग तिला मी दिसलो. "आले बघा मास्तर. ह्यांनीच सांगितलं मला. ह्यांनी डोळ्यांनी बघितलंया."

दोनशे तोंडं एकदम माझ्याकडं वळली.

तुम्हाला सांगतो, त्या तोंडांत एकही असं नव्हतं, की ज्याच्याकडं त्याच्या घरात कुणी धड बघत असेल. आणि ती सगळी माझ्याकडं बघत होती. मी घसा खाकरला. वाक्य जिभेवर होतं, शपथेवर सांगतो, पहिला शब्द दातांपर्यंत आला होता.

"मास्तर," ठकूबाईनं विचारलं, "साहेबांच्या कोठडीतली ती तुळस अजून हाय का हो?"

चिंचेखाली बैलांच्या गळ्यातल्या घंटासुद्धा वाजत नव्हत्या.

"आहे की," मी म्हणालो. "भिंत भरून गेलीय."